मोपाच्या सड्यावरील धावपट्टी आणि गतीचा नियम

पेडणे तालुक्याच्या उत्तर अंगास, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेलगत, मोपाचा विस्तीर्ण सडा पसरलेला आहे. जांभ्या दगडाचा हा माळ पूर्वी वर्षातील आठ महिने उन्हात भाजून निघे, आणि पावसाळा सुरू झाला की गवताने झाकून जाई. गुराख्याच्या हाळीखेरीज तेथे फारसा आवाज ऐकू येत नसे. आज त्याच सड्यावर सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली, आणि मनोहर पर्रीकर यांचे नाव त्यास देण्यात आले. हे सारे सुखासुखी घडले नाही. सड्यावर वस्ती करून असलेल्या धनगर कुटुंबांना तेथून उठावे लागले. पर्यावरण परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१९ मध्ये तो परवाना स्थगित झाला, व जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली. परंतु तो विषय निराळा, आणि एका भाषणात मावणारा नव्हे.

येथे प्रश्न आहे तो इतकाच. पट्टीच्या एका टोकाला सत्तर टन वजनाचे विमान स्थिर उभे असते. त्यात सुमारे १८० माणसे बसलेली असतात. इंजिनांचा घोष वाढतो, विमान पुढे सरकते, आणि पाऊण मिनिटाच्या आत त्याची चाके जमिनीवरून उचलली जातात. पट्टी संपण्यापूर्वी ते उचलले जाईल, ही खात्री वैमानिकास कोण देते? उत्तर चारपाच शब्दांत सांगता येते : बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. शाळेत हे सूत्र पाठ केले नाही असा माणूस विरळा. त्याचा अर्थ ज्यास उमगला असाही विरळाच, असे म्हणणे वावगे ठरू नये.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. जुन्या मराठी शास्त्रीय ग्रंथांत बलास ‘प्रेरणा’ आणि त्वरणास ‘प्रवेग’ असे म्हटलेले आढळते. ‘प्रेरणा’ हा शब्द पुढे कवींनी व पुढाऱ्यांनी इतका वापरला, की विद्यार्थ्याच्या मनात त्याचा नेमका अर्थ राहीना. सध्याच्या पाठ्यपुस्तकांतील ‘बल’ आणि ‘त्वरण’ हे शब्द रूढ झाले आहेत, म्हणून तेच येथे घेतले आहेत. शब्द कोणताही असो, कल्पना स्वच्छ हवी. बल म्हणजे ओढणे किंवा ढकलणे. वस्तुमान म्हणजे पदार्थाचा गतिबदलास असणारा विरोध. हलण्याचा आळस म्हटले तरी चालेल. आणि त्वरण म्हणजे वेग नव्हे, तर वेग बदलण्याचा दर. सारी गफलत या तिसऱ्या शब्दापाशी होते.

ही गफलत होणे स्वाभाविक आहे. बैलगाडीचे उदाहरण घ्यावे. बैल ओढतात तोवर गाडी चालते. बैल थांबले की गाडी थांबते. जास्त जोर लावला तर गाडी जास्त वेगाने जाते. यावरून कोणीही असेच म्हणेल, की बलामुळे वेग उत्पन्न होतो, आणि बल संपले की वेग संपतो. दोन हजार वर्षे मोठमोठ्या विद्वानांची हीच समजूत होती, आणि त्यांना हसण्याचे कारण नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर बैलगाड्याच होत्या, आणि बैलगाडीत एक चोर लपलेला असतो. त्याचे नाव घर्षण. आसाचे चाकाशी आणि चाकाचे खडबडीत वाटेशी होणारे घर्षण गाडीला सतत मागे ओढत असते. बैल लावतात त्या बलाचा मोठा भाग या चोराची भरपाई करण्यातच खर्ची पडतो. बैलांचा जोर आणि घर्षण ही दोन्ही सारखी झाली, की एकूण बल शून्य होते, आणि गाडी ना वाढत्या ना घटत्या वेगाने पुढे जात राहते. म्हणजे एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गाडीवर एकंदर बल मुळी नसतेच! हे ऐकून विद्यार्थी चमकतो, आणि चमकावेच.

घर्षणाचा हा चोर प्रथम गॅलिलिओने पकडला. उतरत्या लाकडी फळीत पन्हळ कोरून तीवरून त्याने काशाची गोळी सोडली. अचूक घड्याळे त्या काळी नव्हती. म्हणून भांड्यातून बारीक धारेने पडणाऱ्या पाण्याचे वजन करून त्याने वेळ मोजली. दुप्पट वेळेत गोळी दुप्पट नव्हे, तर चौपट अंतर तोडते, असे त्यास दिसून आले. म्हणजे वेग क्षणाक्षणाला सारख्या प्रमाणात वाढत होता. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे आले आहे. पुढे १६८७ मध्ये न्यूटनने आपल्या ‘प्रिन्सिपिया’त गतीचे तीन नियम सांगितले. त्यांतील दुसरा नियम असा, की गतीत होणारा बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो, आणि बल ज्या दिशेने लावले त्या दिशेने तो होतो. आज फळ्यावर लिहितात ते सूत्र मात्र न्यूटनच्या ग्रंथात त्या रूपात नाही. स्वित्झर्लंडात जन्मलेल्या ऑयलर या गणितज्ञाने १७५० च्या सुमारास ते सर्व पदार्थांना लागू पडेल अशा समीकरणाच्या रूपात मांडले. श्रेय न्यूटनला मिळते, आणि ऑयलरचे नाव शाळेत कोणी घेत नाही, असो.

आता मापे. एक किलोग्रॅम वस्तुमानाच्या पदार्थाचा वेग दर सेकंदास एक मीटर प्रतिसेकंद इतका वाढविणारे जे बल, त्यास एक न्यूटन म्हणतात. शंभर ग्रॅम सुपारी तळहातावर ठेवली असता हातास जो भार जाणवतो, तो जवळजवळ एक न्यूटनचा. गोव्यात भाड्याने मोटारसायकल चालवून उतारूंची ने-आण करणारास ‘पायलट’ म्हणतात, हे ठाऊक नसलेल्या पाहुण्याची मोठी करमणूक होते. या जमिनीवरच्या पायलटास नियमाचा अनुभव रोज येतो. गाडी व तो मिळून २०० किलोग्रॅम धरले, आणि मागे बोजासह १०० किलोग्रॅमचा उतारू बसला, तर इंजिनाचे बल तेच असता त्वरण एकतृतीयांशाने कमी होते. पूर्वी सहा सेकंदांत येणारा वेग आता नऊ सेकंदांत येतो. समोरून येणाऱ्या बसच्या आत पुढची गाडी ओलांडता येईल की नाही, हे या तीन सेकंदांवर ठरते.

पुन्हा धावपट्टीकडे वळावे. देशांतर्गत प्रवासास नेहमी वापरल्या जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानाचा भरलेल्या स्थितीतील भार ७० टन, म्हणजे ७०,००० किलोग्रॅम धरू. प्रत्येक इंजिन हवा मागे फेकून सुमारे १ लाख १० हजार न्यूटनचा रेटा देते. दोन्ही मिळून २ लाख २० हजार. यास ७०,००० ने भागले असता आरंभीचे त्वरण तीन मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद याहून किंचित जास्त येते. परंतु हा रेटा सबंध उपयोगी पडत नाही. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो, इंजिनांचा रेटाही काहीसा घटतो, आणि चाकांचे घर्षण असतेच. म्हणून सरासरी त्वरण दोन धरावे. उड्डाणास ताशी २७० किलोमीटर, म्हणजे सेकंदास ७५ मीटर वेग हवा असेल, तर तो येण्यास साडेसदतीस सेकंद लागतील. तेवढ्यात विमान सुमारे १,४०० मीटर धावेल. आकडे सोयीसाठी गोल केलेले आहेत. प्रत्यक्ष हिशेबात वाऱ्याची दिशा, हवेचे तापमान, पट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची हे सर्व धरावे लागते. वैशाखाच्या दुपारी हवा तापून विरळ होते. तेव्हा इंजिनांचा रेटा कमी पडतो, आणि पंखांना उचल मिळण्यास अधिक वेगही लागतो.

मग १,४०० मीटरचे काम असता साडेतीन किलोमीटरची पट्टी कशाला? एक तर परदेशी जाणारी मोठी विमाने याहून फार जड असतात. काहींचा भार सव्वादोनशे टनांवर जातो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सेकंदास ७० मीटर वेग आला असता एक इंजिन बंद पडले, असे समजा. त्या वेगापर्यंत पोहोचण्यास १,२२५ मीटर गेले. वैमानिकाने परिस्थिती ओळखून ब्रेक लावीपर्यंत तीन सेकंद गेले, म्हणजे आणखी २१० मीटर. नंतर दर सेकंदास अडीच मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी केला तरी थांबण्यास आणखी ९८० मीटर लागतात. एकूण २,४०० मीटरांहून अधिक! म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी एक निर्णायक वेग काढून ठेवलेला असतो. त्याच्या आत बिघाड झाला तर थांबायचे. तो ओलांडल्यावर झाला तर थांबायचे नाही, एका इंजिनावर उडायचे. तो क्षण आला असता विचार करण्यास सवड नसते. विचार आधीच, कागदावर, भागाकार करून झालेला असतो.

या भागाकारात वस्तुमानाचा आकडा चुकला तर काय होते, याचे उदाहरण २० मार्च २००९ रोजी ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे घडले. दुबईस निघालेल्या चार इंजिनांच्या विमानाचा भार ३६२.९ टन होता. वैमानिकांनी यंत्रात भरला २६२.९ टन. एका अंकाची चूक! इंजिनांची झीज कमी व्हावी म्हणून, गरज नसता पूर्ण रेटा न वापरण्याची रीत आहे. भार पाहून यंत्र आवश्यक तेवढाच रेटा सांगते. २६३ टनांना पुरेल असा रेटा ३६३ टनांच्या विमानास लावण्यात आला. बल कमी आणि वस्तुमान अधिक. साहजिकच त्वरण हिशेबातील त्वरणाच्या सुमारे ७२ टक्केच राहिले. शिवाय उचलण्याचा म्हणून जो वेग यंत्राने सांगितला होता, तो हलक्या विमानाचा होता. वैमानिकाने नाक वर केले, पण विमान उचलेना; शेपूट पट्टीवर घासली. तेव्हा त्याने पूर्ण रेटा दिला. विमान पट्टी ओलांडून पुढे गेले, आणि कसेबसे हवेत चढले. समुद्रावर इंधन सोडून देऊन ते सुखरूप परतले. आत २७५ माणसे होती. त्यांतील एकालाही प्राणास मुकावे लागले नाही.

या घटनेत विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की त्वरण कमी आहे हे अनुभवी वैमानिकांच्याही वेळेवर ध्यानी आले नाही. मनुष्याच्या शरीरास त्वरण जाणवते खरे. विमान धावू लागले की आसनाची पाठ आपल्याला मागून ढकलते. साठ किलोग्रॅमच्या प्रवाशास दोन मीटरचे त्वरण देण्यास १२० न्यूटनचे बल लागते. बारा किलोग्रॅमचे ओझे पाठीवर टेकावे तसा तो दाब असतो. परंतु हा दाब १२० न्यूटनचा आहे की ९० चा, हे पाठ सांगू शकत नाही. त्यातून ही माणसे कधी हलके, कधी जड विमान नेतात. प्रत्येक वेळचे त्वरण निरनिराळे. तेव्हा अनुभवावर विसंबण्यापेक्षा बेरीज दोनदा तपासलेली बरी. सामानाच्या पेटीत एक किलो अधिक भरले म्हणून खिडकीवर अडविणाऱ्या कर्मचाऱ्याचा राग येतो. तो जादा आकारासाठी अडवितो हे खरे, परंतु त्याच्या काट्यावरील आकडे पुढे त्या बेरजेतही जातात.

थांबणे हेही त्वरणच, फक्त उलट दिशेचे. गोव्यातच याचे एक विलक्षण उदाहरण आहे. दाबोळीच्या ‘हंसा’ या नौदलाच्या तळावर १३ सप्टेंबर २०१९ रोजी ‘तेजस’ लढाऊ विमानाची नौदलासाठी बनविलेली आवृत्ती आकड्याने पोलादी दोर पकडून उतरविण्यात आली. विमानवाहू जहाजाच्या आखूड फलाटावर उतरण्याची ही तालीम होती. ताशी २४० किलोमीटर वेगाने आलेले विमान अशा दोराने ९० मीटरांत थांबवायचे, तर वेग दर सेकंदास सुमारे २५ मीटर प्रतिसेकंद इतका उतरला पाहिजे. विमान नऊ टनांचे धरले, तर दोरास सव्वादोन लाख न्यूटनचे बल लावावे लागते. मघाशी पाहिलेल्या प्रवासी विमानाच्या दोन्ही इंजिनांचा मिळून जो रेटा, जवळपास तेवढेच हे बल! सत्तर टनांवर लावले तर त्याने तीनचे त्वरण मिळते, नऊ टनांवर पंचवीसचे. न्यूटनचा नियम याहून ठसठशीत रीतीने दाखविणे कठीण.

प्रवासी विमानास दोर नसतो. पंखांवरील झडपा उघडून हवेचा विरोध वाढवितात, इंजिनांचा झोत उलटवितात, आणि चाकांचे ब्रेक लावतात. ब्रेकचे बल शेवटी टायर आणि जमीन यांच्या घर्षणातून यायचे असते. बैलगाडीतील चोर येथे रक्षणकर्ता होतो. कोकणातील आषाढ-श्रावणाच्या पावसात पट्टीवर पाणी साचले, की हे घर्षण घटते. ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळात कोळिकोड येथे मुसळधार पावसात, पाठीमागून वारा असता, दुबईहून आलेले विमान सुमारे २,७०० मीटरांच्या पट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले. उरलेल्या अंतरात ते थांबू शकले नाही. टेकडीवरील पट्टीच्या टोकावरून खाली कोसळून दुभंगले, आणि २१ जण मृत्युमुखी पडले. थांबण्यासाठी मिळणारे अंतर निम्मे झाले, की आवश्यक बल दुप्पट होते. ओली जमीन तर कोरड्या जमिनीइतकेही बल देऊ शकत नाही. मोपाची पट्टी सड्यावरच असली तरी तिची लांबी बरीच अधिक आहे. पण टेकण्याची जागा चुकली तर लांबीचा तो लाभ तेवढ्याने कमी होतो.

विमानात न बसणारासही हा हिशेब सुटत नाही. सड्यांवरील खाणींतून चिरे भरून ट्रक उतरणीच्या रस्त्यांनी खाली येतात. रस्त्याची टायरवरील पकड भाराबरोबर वाढते हे खरे. पण ब्रेकची शक्ती कारखान्यात ठरून गेलेली असते. ती मर्यादा गाठली गेल्यावर ट्रकमध्ये दीडपट वस्तुमान घातले, तर सपाटीवरही थांबण्यास दीडपट अंतर लागते. उतरणीवर त्याहून अधिक लागते, कारण तेथे गुरुत्वाकर्षण ट्रकला पुढे ओढत असते, आणि ही ओढही भाराबरोबर वाढलेली असते. चालक तोच, रस्ता तोच, आणि वळणावर शाळेतून परतणारी मुलेही तीच.

मोटारीत आईने मूल मांडीवर घेऊन बसण्याची रीत सर्वत्र आहे. आपल्या मिठीत मूल सुरक्षित आहे अशी तिची प्रामाणिक समजूत असते. मोटार ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदास १५ मीटर वेगाने जात आहे, आणि धडक बसून ती एकदशांश सेकंदात थांबली, असे धरा. वेग उतरण्याचा दर झाला १५० मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद. मूल दहा किलोग्रॅमचे असले तर त्यास मोटारीबरोबर थांबविण्यास १,५०० न्यूटनचे बल लागेल. पन्नास किलोग्रॅम तांदळाची तीन पोती एकदम हातांवर टाकावीत तेवढा हा भार, आणि तोही पापणी लवण्याच्या अवकाशात. जगातील कोणत्याही आईचे हात तो पेलू शकत नाहीत. मूल सुटते, ते निष्काळजीपणाने सुटत नाही. मुलासाठी स्वतंत्र आसन आणि पट्टा असतो, तो हे बल मोटारीच्या सांगाड्यातून घेतो आणि मुलाच्या अंगावर पसरून देतो. पायलटाच्या मागे बसणाऱ्या उतारूच्या शिरस्त्राणाचे कार्यही याच जातीचे. आतील मऊ अस्तर दबते तेव्हा डोक्यास थांबण्यासाठी दोनतीन सेंटिमीटर अधिक मिळतात, आणि तेवढ्याने बल कितीतरी उतरते.

एक शंका नेहमी विचारली जाते. वस्तुमान आणि वजन यांत फरक काय? माडावरून नारळ आणि पोफळीवरून सुपारी सारख्याच उंचीवरून पडली, तर हवेचा विरोध सोडल्यास दोन्ही एकाच वेळी जमिनीवर येतात. नारळास पृथ्वी अधिक जोराने ओढते, परंतु नारळाचा आळसही त्याच प्रमाणात अधिक असतो. भागाकार सारखाच येतो. पृथ्वीच्या या ओढीस वजन म्हणतात. स्थळ बदलले तर वजन बदलते. चंद्रावर ते एकषष्ठांश होते. वस्तुमान मात्र बदलत नाही. बाजारातला स्प्रिंगचा काटा खरे पाहता ओढ मोजतो, आणि आकडा मात्र किलोग्रॅमचा दाखवितो. पृथ्वीवर ओढ जवळजवळ सर्वत्र सारखी असल्यामुळे त्याची ही लबाडी खपून जाते.

अवकाशात ती खपत नाही. जून-जुलै २०२५ मध्ये भारताचे शुभांशु शुक्ला ज्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर राहून आले, तेथे माणूस काट्यावर उभाच राहू शकत नाही, तो तरंगतो. तरीही तेथे दीर्घकाळ राहणाऱ्या यात्रींचे शरीर झिजत तर नाही ना, हे पाहणे वैद्यांना आवश्यक असते. म्हणून तेथे अमेरिकनांनी एक उपकरण बसविले आहे. यात्री एका भुजेस घट्ट धरून राहतो. आतील स्प्रिंग त्यास ठरलेल्या बलाने ओढते. किती वेळात तो किती सरकला यावरून त्वरण काढतात, आणि बलास त्वरणाने भागून यात्रीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये मिळवितात.